चौसष्ट नंबरची हजेरी

त्या सकाळी चौसष्ट नंबरची हजेरी द्यायची नाही, असं मी भांडुपहून निघतानाच ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, बसमध्ये उभ्या उभ्या स्वतःला दहा वेळा बजावलं होतं, की आज नाही, आज पुरे. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात पहिला तास अर्थशास्त्राचा. मृणालिनी मॅडम आल्या, खुर्चीवर न बसताच त्यांनी हजेरीचा कॅटलॉग उघडला आणि नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात नंबर घ्यायला सुरुवात केली. साठ, एकसष्ट, बासष्ट. मी खालचा ओठ दातांत धरला आणि दात रोवले. बासष्ट आणि त्रेसष्टमध्ये कोणीतरी शिंकलं, दोघीजणी हसल्या, मॅडमनी वर पाहिलं, मग पुन्हा खाली. "चौसष्ट." आणि वर्गात आवाज आला, "येस मॅडम." घोगरा, सावकाश, अर्ध्या क्षणाने उशिरा आलेला. चौसष्ट नंबर ज्याचा, त्या अंबादासचा आवाज. मॅडमनी खूण केली आणि त्या पासष्टवर गेल्या. मी झटकन मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर कोणी नव्हतं, त्याच्या मागे भिंत होती, भिंतीवर कोणीतरी कर्कटकाने कोरलेलं बदामाचं चित्र होतं. शेजारच्या सहदेवला मी हळूच विचारलं, "आत्ता चौसष्टला कोण बोललं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "कोण म्हणजे? तूच की. रोज तूच बोलतोस ना यार. झोपेत आहेस काय?" मी ओठाला बोट लावून पाहिलं. दातांच्या खुणा खोल उमटल्या होत्या आणि एका ठिकाणी रक्त आलं होतं. म्हणजे मी ओठ सोडला नव्हता. ओठ दातांत असताना माणूस "येस मॅडम" कसं म्हणेल, हे मी पुढचा सगळा तास करून बघत होतो. जमत नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते जुलैत, आणि तेही गंमतीत. आमच्या कॉलेजात जिमखान्याच्या पोरांचं एक टोळकं होतं, त्याला सगळे 'बावीस नंबर' म्हणत, कारण जिन्याखालची बावीस नंबरची खोली त्यांची होती. त्या खोलीत घामाचा, चामड्याचा आणि आयोडेक्सचा मिळून एक वास असे. बाहेरच्या पोरांना तिथे प्रवेश नव्हता आणि आत घेतलं जाणं म्हणजे काय मान होता हे आज कोणाला सांगून पटायचं नाही. जयवंत, म्हणजे जिमखान्याचा सेक्रेटरी, दरवर्षी ऑगस्टच्या आत दोनतीन नवे गडी निवडायचा. निवडलेल्याने बाकावर उभं राहून गेल्या वर्षी जिंकलेल्या फिरत्या चषकातून चहा प्यायचा अशी पद्धत होती. शिपाई धोंडूमामा तो चषक पितळ घासायच्या पावडरीने आदल्या दिवशीच घासून ठेवत, त्यामुळे चहाला एक हिरवट चव यायची, आणि तोंड वाकडं केलं की पुन्हा एक कप. मग सगळे एका सुरात ओरडायचे, "जो मैदानावर, तो वर्गात!" ही नुसती घोषणा नव्हती, तो तिथला कायदा होता. मैदानावर सराव करणाऱ्याची हजेरी वर्गात लागलीच पाहिजे, नाहीतर टर्म ग्रँट व्हायची नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही आणि परीक्षा नाही तर स्पर्धेतून नाव बाद. म्हणून प्रत्येक खेळाडूमागे वर्गात त्याची हजेरी देणारा एक माणूस असे. मला लहानपणापासून दमा. जिन्याचे दोन मजले चढलो की माझी छाती बासरीसारखी वाजायची. मला बावीस नंबरमध्ये घेतलं ते केवळ मी आवाज काढायचो म्हणून. प्राचार्यांचा काढायचो, कँटीनवाल्याचा काढायचो. जयवंतने मला बाकावर चढवलं, मी चषकातला चहा तोंड वाकडं न करता प्यालो आणि त्याने अंबादासच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "चंद्रप्रकाश, आजपासून हा तुझा. ह्याचा आवाज शिकून घे. झकास जमला पाहिजे, मॅडमचा कान तिखट आहे."

अंबादास मानखुर्दचा. पाच हजार मीटर आणि क्रॉसकंट्री. सडपातळ, काळा, डोळे अर्धवट मिटून पळणारा. पळताना तो दमलाय की झोपलाय हे कळायचं नाही, आणि शेवटच्या फेरीला मात्र बाकीचे सगळे जागच्या जागी उभे असल्यासारखे वाटायचे. मला त्याचा आवाज शिकायला पंधरा दिवस लागले. आधी श्वास सगळा सोडून द्यायचा, हनुवटी जरा खाली घ्यायची आणि मग उरलेल्या हवेत बोलायचं. तो कधीच चटकन उत्तर द्यायचा नाही. हाक मारली की कुठून तरी लांबून परत आल्यासारखा तो एक क्षण घ्यायचा आणि मग बोलायचा. तो क्षण जमायला सगळ्यात अवघड होता. संध्याकाळी सराव झाला की आम्ही दोघं नाक्यापर्यंत चालत जायचो. माझ्यासाठी तो पाय ओढत चालायचा, इतका सावकाश की मलाच लाज वाटायची. एकदा तो म्हणाला, "आज दहा वाजून पाच मिनिटांनी दिलीस ना माझी हजेरी?" मी हसलो. तास दहालाच सुरू होतो, दहा-पाचच्या सुमारास चौसष्ट येणारच. दुसऱ्या दिवशी मॅडम उशिरा आल्या. संध्याकाळी तो म्हणाला, "आज वीस मिनिटं उशीर झाला तुम्हाला." मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो छातीवर मधोमध बोट ठेवून म्हणाला, "इथं कळतं. तू दिलीस की पळताना एक ठोका चुकतो." मला वाटलं, थट्टा करतोय. त्याचा चेहरा थट्टा करणाऱ्याचा नव्हता. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये त्याने तीन सुवर्णपदकं आणली, बावीस नंबरच्या फळ्यावर त्याचे गुण कोणी गाठू शकणार नाही इतके झाले, आणि दर पदकामागे मी मनातल्या मनात म्हणायचो की ह्यातलं थोडं माझंही आहे. खोटं कशाला बोला, मला त्याचा अभिमान होता आणि हेवाही वाटायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्याचं घरी वाजलं. त्याचे वडील भाऊराव बसच्या डेपोत मेकॅनिक. जालन्याकडून आलेले, स्वतः सातवीपर्यंत शिकलेले आणि त्यापुढचं राहिलं ह्याचं दुःख जन्मभर उराशी धरलेले. मुलाने शिकावं हा एकच ध्यास. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की पोरगा वर्गात कमी आणि मैदानात जास्त असतो. ते म्हणाले, पळायचं असेल तर घरात पाय ठेवू नकोस. अंबादासने पिशवी भरली. घरी सांगून गेला की कॉलेजजवळ मित्रांकडे राहतो, शिक्षण सोडत नाही. आम्हाला मात्र त्याने वेगळंच सांगितलं. म्हणाला, आता घरीच राहणार, तिकडेच एकटा सराव करणार, जानेवारीच्या क्रॉसकंट्रीला थेट येईन. शेवटचं तो माझ्याशी बोलला ते कॉलेजच्या फाटकाशी. "चंदू, तोवर हजेरी सांभाळ. एकसुद्धा दिवस चुकवू नको." मी म्हटलं, "काळजी नको करू रे." घरच्यांना वाटत होतं तो आमच्याकडे आहे, आम्हाला वाटत होतं तो घरी आहे, आणि कॅटलॉगमध्ये तो रोज हजर होता. जानेवारीच्या क्रॉसकंट्रीला तो आला नाही. जयवंत चिडला, "साला, भाव खातोय," म्हणाला आणि दुसऱ्याला पळवलं. मी मानखुर्दला जाऊन बघायला हवं होतं. गेलो नाही. गेलो असतो तर कळलं असतं, आणि कळायला नको म्हणूनच मी गेलो नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दरम्यान माझ्यात काहीतरी होत होतं. डिसेंबरपासून मला दम्याचा एकही अटॅक आला नाही. थंडीत दरवर्षी मी रात्र रात्र उशाला टेकून बसायचो, ह्या वर्षी गाढ झोपत होतो. सकाळी उठलो की पिंढऱ्या दुखायच्या, ताठलेल्या असायच्या. आईला वाटलं पोरगा सुधारला, तिने मालवणातल्या देवाला नारळ बोलला. एकदा मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो होतो, आईने आतून हाक मारली, "चंदू, पाणी इला रे, बादली लाव." मी एक क्षण थांबलो आणि "हो, आलो" म्हणालो. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि खोलीत इकडेतिकडे बघू लागली. "कोण इलो रे? कोणाचो आवाज तो?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच. "तू कसो? मोठो बाप्या कोणतरी बोललो," ती म्हणाली आणि दाराबाहेर डोकावून आली. बोलण्याआधी मी श्वास सोडला नव्हता, हनुवटी खाली घेतली नव्हती. काहीच केलं नव्हतं, आवाज आपोआप आला होता. त्या दिवसापासून मी घरात कमी बोलू लागलो. बोलायची वेळ आली की आधी घसा खाकरून माझाच आवाज आहे ना ते बघायचो. आणि मग जानेवारीच्या शेवटी तो ओठ चावायचा दिवस आला. तेव्हा मी खरा घाबरलो. पुढच्या दिवशी मी वर्गात गेलोच नाही, लायब्ररीत बसलो. संध्याकाळी सहदेव म्हणाला, "आज एक्क्याण्णवला कोणी बोललं नाही, तुझी गैरहजेरी लागली." मी विचारलं, आणि चौसष्ट? त्याने डोकं खाजवलं. "लागली वाटतं. बोललं कोणीतरी."

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी ऑफिसात बोनाफाइड सर्टिफिकेट आणायला गेलो होतो. खिडकीशी एक गृहस्थ उभे होते. खाकी पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांच्या पेरांत न निघणारं काळं ग्रीस. हेडक्लार्कने आतून मागच्या महिन्याचा कॅटलॉग काढून त्यांच्यासमोर धरला होता आणि बोटाने एक ओळ दाखवत होता. "हे बघा काका, चौसष्ट. एक दिवस खाडा नाही. खेळाडू असून इतका नियमित मुलगा मी पाहिला नाही." ते गृहस्थ वाकून त्या ओळीवरून बोट फिरवत होते. एक एक खूण मोजत असावेत. मला पळून जायचं होतं. ते वळले आणि त्यांनी माझ्या हातातल्या वहीवरचा वर्ग वाचला. "तू अंबादासच्या वर्गातला का? मी त्याचा बाप. भाऊराव." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला सांगू नको मी आलतो म्हणून. दर महिन्याला येऊन बघून जातो, वर्गात बसतोय का. लिहिलेलं असतं म्हणून बरं. घरात पाय ठेवू नको म्हणलो ना मी, आता आपण होऊन बोलवायचं तरी कसं. पण दोन्ही होतंय की रे त्याच्याच्यानं. पळतोय बी आणि बसतोय बी. मीच चुकलो." मग त्यांनी विचारलं, "बरा आहे ना?" त्या क्षणी सगळं माझ्या हातात होतं. हा माणूस तीन महिने पोलिसांत गेला नव्हता, नातेवाइकांत शोधलं नव्हतं, हॉस्पिटलं पालथी घातली नव्हती, कारण दर महिन्याला माझा आवाज त्याला कॅटलॉगमधून सांगत होता की पोरगा ठीक आहे. मी म्हणालो, "हो काका, बरा आहे." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. "जरा वाळलाय," असंही मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे. भाऊरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "सोनूबाईनं, त्याच्या आईनं, शेंगदाण्याचे लाडू दिलेत. दर वेळी आणतो आणि तसाच परत नेतो. तू दे त्याला."

ते लाडू मी खाल्ले. टाकून द्यायचा धीर झाला नाही आणि परत द्यायची हिंमत नव्हती. रोज सकाळी हजेरी झाली की एक. मला शेंगदाणे आवडत नाहीत, लहानपणापासून घशाशी येतात. ते लाडू मात्र सहज खाली उतरत होते, आणि खाताना मला एक स्वयंपाकघर आठवायचं, निळ्या रंगाची भिंत, तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर, खाली मिश्रीची डबी. असल्या स्वयंपाकघरात मी कधी बसलो नव्हतो. डबा संपला त्या दिवशी मी जयवंतला बावीस नंबरमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. तो चुन्याच्या पिशव्या मोजत होता. ऐकताना त्याचा हात थांबला, मग त्याने दार लोटून घेतलं. "कोणाला बोललायस?" मी म्हटलं, नाही. "मग बोलू नको. अरे, ह्या वर्षी आठ जणांची हजेरी अशीच लागली आहे. एकाचं बाहेर आलं की आठांची टर्म जाते, वाट लागेल सगळ्यांची. आणि तो कुठे जाणार? असेल गावाला." मी म्हटलं, गावाला असता तर बापाला कळलं नसतं? जयवंत माझ्याकडे न बघता म्हणाला, "बक्षीस समारंभ होऊ दे. बोर्डावर नाव रंगवून झालंय. त्यानंतर काय ते बघू." बाहेर जिन्याच्या तोंडाशी सन्मानाचा लाकडी बोर्ड होता. १९८५-८६, सर्वोत्कृष्ट खेळाडू, आणि पुढे सोनेरी अक्षरांत अंबादासचं नाव. रंग अजून ओला होता. धोंडूमामा खाली स्टुलावर बसून तो वाळेपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून राखण करत होते. मला बघून म्हणाले, "वाळंना बघ. चार दिस झाले रंगवून." मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, समारंभाला त्याचे वडील आलेच तर त्यांना सांगायचं. टर्म जाऊ दे, आठ जणांची जाऊ दे. पण ते येऊच नयेत, असंही मला तितक्याच जोरात वाटत होतं.

ते आले. कॉलेजने विजेत्यांच्या घरी छापील आमंत्रणं पाठवली होती. फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारची दुपार, हॉलमध्ये पंखे गरगरत होते, स्टेजवर झेंडूच्या माळा आणि मध्ये रांगेने चषक. भाऊराव शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसले होते, पोराला दिसू नये म्हणून. दर वेळी दार वाजलं की मान वळवत होते. पाहुण्यांची भाषणं झाली, प्राचार्य अहवाल वाचू लागले, हजेरी आणि क्रीडा दोन्हींत आदर्श असा विद्यार्थी, असं काहीतरी. मग नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. कोणी उठलं नाही. पुन्हा नाव पुकारलं. भाऊराव खांबाआडून अर्धे उभे राहिले होते आणि हसऱ्या चेहऱ्याने हॉलभर शोधत होते. जयवंत घाईने स्टेजकडे निघाला, त्याच्या वतीने मी घेतो, असं खुणेने सांगत. माझ्या छातीत मधोमध एक ठोका चुकला. मी उठलो, मागे गेलो आणि भाऊरावांचा हात धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात आणलं.

"काका, अंबादास दिवाळीपासून कॉलेजात आलेला नाही." एवढं मी एका दमात बोललो. ते माझ्याकडे समजूतदारपणे बघत राहिले, लहान पोर काही बरळतंय तसं. "असं कसं होईल? मंगळवारी सुट्टी होती मला. तुमच्या वर्गाबाहेर येऊन उभा राहिलो. बाईंनी नंबर घेतला, तो बोलला. कानानं ऐकलं. बापाला आवाज कळत नाही होय?" मी म्हटलं, "तो मी होतो काका. रोज मीच असतो. आमच्यात तशी पद्धत आहे." मी सगळं सांगितलं, बावीस नंबर, चषकातला चहा, फाटकाशी झालेलं बोलणं. सांगता सांगता मला रडू आलं. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. भाऊराव रडले नाहीत, रागावले नाहीत. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बोल. तसं बोल बघू." मला नको होतं. पण खरं पटवायचं तर दुसरा मार्ग नव्हता. "येस मॅडम," मी म्हणालो. त्यांचा हात चाचपडत खांबाला जाऊन टेकला. "ते नको," ते म्हणाले. "घरात तो मला दादा म्हणतो. तशी हाक मार." अंबादासने आपल्या वडिलांना मारलेली हाक मी कधी ऐकली नव्हती. मी तोंड उघडलं. "दादा." पहिलं अक्षर जरा लांबवलेलं, दुसरं अर्ध्यात सोडलेलं, ते तसं असतं हे मला भाऊरावांच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी डोळे मिटले. "कुठं आहेस रे, बाळा?"

काका, मी चंद्रप्रकाश, मला माहीत नाही, हे मला म्हणायचं होतं. तेच म्हणायला मी श्वास घेतला. "दहिसरला," आवाज म्हणाला. "नाक्याच्या अलीकडे. रस्ता सोडून डाव्या हाताला उतरायचं, नदीकडे." मी जन्मात दहिसरला गेलो नव्हतो. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तरी तो बोलतच होता, सावकाश, मध्ये थांबत थांबत. भाऊरावांनी खिशातून पेन काढलं, आमंत्रणाची कोरी बाजू वर करून खांबावर धरली आणि डोळे पुसले.

"हळू सांग," ते म्हणाले. "लिहून घेतो."